हिला पण सांगा

आत्या,

परवा तुमचा जलदान विधी झाला. भन्तेंनी गाथा म्हटल्या, तुमच्या लेकाने, नितीनने, तांब्यातून वाटीत पाणी सोडलं आणि वाटी भरून ते खालच्या परातीत उतरत राहिलं. सगळे हात जोडून बसले होते. शेजारच्या वहिनी माझ्या कानाशी हळूच बोलल्या, "सुटल्या बिचाऱ्या. आणि तूही सुटलीस."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पाच वर्षांपूर्वी आपल्या घरात काय चाललं होतं, ते त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येत असणार. मी नुसती मान हलवली. पण आत्या, तुमच्याशी आता खोटं कशाला बोलू? मला खरंच सुटल्यासारखं वाटतंय. तुम्ही गेलात म्हणून नव्हे. तुम्ही तेव्हा गेला नाहीत म्हणून. त्या वर्षी तुम्हाला काही झालं असतं, तर मी स्वतःला तोंड दाखवू शकले नसते.

लग्नाआधी आपलं काही नातं नव्हतं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून तुम्ही आत्या झालात. मला तुमची आधी ओळख झाली ती तुमच्या कामाची. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या एका नर्सिंग होममध्ये तुम्ही अठ्ठावीस वर्षं आया होता. तिथून तुम्ही दोन गोष्टी घरी आणल्यात. एक म्हणजे रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना तिथल्या सिंधी लोकांसारखं "साईं" म्हणायची सवय, आणि दुसरी स्वच्छता. हेंद्रेपाड्याच्या आपल्या दोन खोल्यांत फिनेलचा वास कायम असायचा. फरशीवर डाग दिसला की तुम्ही वाकायच्या आधीच मी वाकायचे, नाहीतर दिवसभर ऐकावं लागे.

त्याच घरात एक दिवस दुसरा वास यायला लागला.

सुरुवात कधी झाली ते मला नीट सांगता येणार नाही. रविवारच्या वंदनेला तुम्ही विहारात पुढच्या सतरंजीवर बसायचात. मग मागे बसू लागलात, मग दाराशी, मग जाणंच बंद केलंत. "गुडघे दुखतात," बोललात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरलं की आधी बाथरूम कुठे ते विचारायचात. बाजारात जाईनाशा झालात. साड्या सोडून गाऊन घालायला लागलात, तेव्हा मला वाटलं, आता आळस आला.

एक गोष्ट मला फार लागली होती, ती आज सांगते. आपल्याकडे पाणी यायची वेळ ठरलेली. नळ फसफसला की मी आतून हाक मारायचे, "आत्या, पाणी आलं, पिंप लावा." आणि तुम्ही नेमक्या त्याच वेळी बाथरूममध्ये पळायचात. दर वेळी. मला वाटायचं, काम टाळायला जातात. नितीनलाही मी तसंच सांगायचे. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकून तुमच्या पोटात काय होत होतं, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही.

तुम्ही पाणी प्यायचं सोडलंत. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी औषधापुरता घोट. ओठांना भेगा पडल्या होत्या. आम्ही उठायच्या आत तुमची चादर धुऊन दोरीवर पडलेली असायची आणि तुम्ही म्हणायचात, "घाम फार येतो गं." थंडीतही.

दोन डॉक्टर झाले होते. पहिल्याने लघवी तपासली, साखर तपासली, दोन्ही ठीक. दुसऱ्या बाईंनी गर्भपिशवी खाली आली आहे का ते पाहिलं, तसं काही नव्हतं. "वयाचं आहे, डायपर वापरा," त्या बोलल्या. तुम्ही घरी येऊन तो पुडा कपाटात सगळ्यात वर टाकलात, हात पोचणार नाही अशा जागी.

मग तो रविवार आला. माझे आईवडील अंबरनाथहून जेवायला आले होते. तुम्ही सोफ्यावर बसून माझ्या वडिलांशी छान गप्पा मारत होता. जेवायला वाढलं म्हणून हाक मारली तर तुम्ही उठेचनात. "तुम्ही बसा, मी मागून येते," बोललात. माझ्या आईने हात धरून उठवलं तेव्हा सगळ्यांना दिसलं. नवीन सोफा होता. मी सगळ्यांसमोर बोलले, "आत्या, तुम्ही काय लहान बाळ आहात का? दोन पावलांवर बाथरूम आहे. उठून जायला काय होतं तुम्हाला?"

तुम्ही कुशनचं कव्हर काढलंत, आत गेलात. आम्ही जेवत होतो आणि आतून ब्रशने घासल्याचा आवाज येत होता. माझ्या आईने ताट अर्धवट सोडलं. जाताना ती एवढंच बोलली, "असं बोलू नये गं."

आणि मी कोण? बालवाडीची बाई. पंधरा वर्षं झाली. माझ्या वर्गातल्या कपाटाचा खालचा कप्पा जादा चड्ड्यांनी भरलेला असतो. साडेतीन वर्षांचं मूल कोपऱ्यात पाय जुळवून उभं राहिलं की मला लांबून कळतं. मी जवळ जाते, खाली बसते आणि म्हणते, "काही नाही झालं, चल बदलू." हे मी किती वेळा म्हटलं असेन. एकाही मुलावर त्यासाठी आवाज चढवला नाही. ते वाक्य मला घरी एकदाही सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मी नितीनला बोलले, "आत्यांना काही दिवस चामटोलीला भाऊजींकडे राहू दे. तिथे अंगण आहे, मोरी जवळ आहे. माझ्याने आता होत नाही." तो बोलला, "बघू." आपल्या घरात एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं हे मला माहीत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर तुम्ही पिशवी भरून पलंगावर बसला होता. किती दिवसांनी साडी काढली होती, विहारात जायची पांढरी. पण ब्लाऊजचे हुक उघडे होते. तुम्ही एका हुकाशी खेळत होता, तो हातातून निसटत होता. परत धरायचात, परत निसटायचा. मला पाहून बोललात, "हुक लाव गं तेवढे. मग जाते मी."

मी लावायला वाकले आणि तुमची बोटं पाहिली. आत्या, ती बोटं मी रोज पाहते. नुकतीच बटणं लावायला शिकणारी मुलं असंच करतात. त्यांना बटण दिसतं, बोटं तिथे जातात, पण पकडता येत नाही. तुमची बोटं मात्र इंजेक्शनची बाटली एका हाताने फोडणारी होती. मी विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"झालं वर्षभर. तांदूळ निवडता येत नाय. चपला पायातून निघून जातात, समजत नाय."

"बोलला का नाहीत?"

"काय काय बोलू?"

मी शाळेत फोन करून सुट्टी घेतली. तुमची पिशवी तशीच ठेवली आणि रिक्षा बोलावली. तुम्हाला वाटलं, चामटोलीला चाललो. रिक्षा उल्हासनगरच्या रस्त्याला लागली तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी बोलले, "आधी हात दाखवू." तुमच्याच नर्सिंग होममधल्या जुन्या सिस्टरने फोनवर एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं, मेंदू आणि मणक्याच्या.

किती तरुण होत्या त्या. तुम्हाला "मावशी" म्हणाल्या. मूठ भराभर उघडा-मिटा म्हणाल्या, तुमची मूठ उघडायला वेळ लागत होता. एका रेषेत चाला म्हणाल्या, तुम्ही तिसऱ्या पावलाला भिंत धरलीत. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय केवढा उडाला. मग त्यांनी तळपाय खरवडला आणि अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर गेला. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी साधं विचारलं, "मावशी, लघवी धरता येते का?"

तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत. मग जमिनीकडे. मग बोललात, "नाय. आली म्हणेपर्यंत होऊन जाते."

ते वाक्य तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

मानेचा एमआरआय झाला. दोन दिवसांनी परत गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. पांढऱ्या पट्ट्यासारखा दिसणारा मज्जारज्जू तिथे दोन्हीकडून चिमटीत धरल्यासारखा झाला होता. त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे, कारण नंतर ते मी किती जणींना सांगितलं.

"मावशी, लघवीची पिशवी भरत आली की तिची खबर या मज्जारज्जूतून वर मेंदूला जाते. मेंदू म्हणतो, थांब जरा, जागा बघून जाऊ. तो 'थांब' याच वाटेने खाली येतो. तुमच्या मानेचे मणके झिजून इथे दाब आलाय. त्यामुळे वरचा 'थांब' खाली नीट पोचत नाही. मग पाठीच्या खालच्या भागातल्या नसा मेंदूला न विचारता आपल्या मनानेच काम करतात. पिशवी थोडी भरली की आवळून मोकळी. तान्ह्या बाळाचं असंच असतं, कारण त्याचा मेंदू अजून शिकलेला नसतो. तुमचा मेंदू शिकलेला आहे. त्याचं म्हणणं खाली पोचत नाही, इतकंच."

"आणि असं बरेच दिवस चाललं," त्या पुढे बोलल्या, "की एरवी गप्प बसणाऱ्या बारीक नसा पण जाग्या होतात. जरासं साठलं तरी भरली, भरली म्हणून ओरडतात. पाणी कमी पिऊन उपयोग नाही. लघवी जास्त कडक होते आणि पिशवी आणखी चिडते."

तुम्ही बराच वेळ फिल्मकडे पाहत होता. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या फिल्म उचलून इकडून तिकडे नेल्या होत्या तुम्ही. मग विचारलंत, "म्हणजे मी हलगर्जीपणा नाय केला?"

"नाही हो मावशी."

"माझी चूक नाय?"

"अजिबात नाही."

तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "हिला पण सांगा."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वळून पुन्हा सांगितलं, "त्यांची चूक नाही." मी मान हलवली. त्या क्षणी मी माफी मागायला हवी होती. मी विचारलं, "ऑपरेशन करावं लागेल का?"

त्यावरून मग आठवडाभर आपलं भांडण. तुम्ही म्हणत होता, मानेला सुरी लावायचं हे काय वय आहे? मी म्हणत होते, नाही केलं तर हात जातील, पाय जातील. डॉक्टरांनी लघवीची खात्री दिली नव्हती. थोडी सुधारेल, कदाचित नाहीही, बोलल्या होत्या. तुम्ही तेच धरून बसलात. "ज्याच्यासाठी माझी अब्रू गेली तेच सुधारणार नाय, तर कशाला?" शेवटी एका दुपारी तुम्ही टीव्ही बंद केलात आणि मला विचारलंत, "तुला काय वाटतं?" लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तोपर्यंत कुठल्याच गोष्टीत तुम्ही मला असं विचारलं नव्हतं. मी बोलले, "करा."

ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही आत असताना मी आणि नितीन बाहेर बाकावर बसलो होतो. तो एकच वाक्य बोलला, "मी 'बघू' बोलायला नको होतं." मी त्याचा हात धरला. तुम्हाला बाहेर आणलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पाय हलवायला सांगितलं. चादरीखाली तुमची बोटं हलली. नितीन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी शुद्ध नीट आल्यावर तुम्ही पहिलं काम काय केलंत? लघवीची पिशवी पलंगाच्या चुकीच्या बाजूला अडकवली म्हणून नव्या सिस्टरला शिकवलंत. "साईं, नळी खाली ठेव, ताणू नको." मी हसले, तुम्हीही हसलात. मला वाटलं, आता बोलावं. मी म्हटलं, "आत्या, त्या रविवारी मी..." तुम्ही मला थांबवलंत. "आधी पाणी दे." मी चमच्याने पाणी दिलं. तुम्ही सगळा पेला संपवलात, चमच्या-चमच्याने. किती वेळ लागला. माझं वाक्य तसंच राहिलं.

बोटं सुधारली. हुक लागायला लागले, आधी खालचे, मग वरचे. चाल पूर्ण नाही सुधारली, काठी राहिली. लघवीचं अर्धं सुधारलं, आणि उरलेल्या अर्ध्याला आपण रस्ता काढला. पहिल्या गोळीने तोंडाला कोरड पडली आणि तुम्ही दोन दिवस गोंधळल्यासारखं बोलत राहिलात, मला तुमच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारलीत. गोळी बदलली, ते थांबलं. दर दोन तासांनी, घाई असो-नसो, जाऊन यायचं असं ठरलं. तुमच्या नातीने, आर्याने, आपल्या आवाजात गजर लावून दिला, "आजी, चल." मग दोनाचे अडीच तास झाले, मग तीन. पाणी मोजून पण भरपूर. ओठांच्या भेगा गेल्या. वर ठेवलेला पुडा तुम्ही स्वतः मागून घेतलात. "लांब जायचं असलं की घालीन. त्यात काय?" अगदी चष्म्याबद्दल बोलावं तसं बोललात.

लांब म्हणजे बारवी धरणाच्या पलीकडे, तुमच्या माहेरच्या पाड्यावर. सहा वर्षांत गेला नव्हता. भाताची लावणी झाली होती. भावजयीने तांब्याभर पाणी पुढे केलं, तुम्ही एका दमात प्यायलात आणि तोंड पुसून बोललात, "आमच्या नळाला हेच पाणी येतं, पण चव इथंच राहते." जेवताना मध्येच उठून तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "मी जाऊन येते, माझी वेळ झाली." भावजयीने तुमच्या ताटावर झाकण ठेवलं.

आणि मग विहार. आपला वाद राहिलाच त्यावरचा. तुम्ही पुन्हा पुढच्या सतरंजीवर बसायला लागलात. एका रविवारी वंदना झाल्यावर काठी टेकून उभ्या राहिलात आणि सगळ्या बायकांना सांगितलंत: मला लघवी धरता येत नव्हती, ते मी लपवलं, पाणी सोडलं, लोकांत जायचं सोडलं, ते मानेतल्या नसेचं होतं, कोणाला असं होत असेल, हात बधिर पडत असतील, तोल जात असेल, तर वय झालं म्हणून बसू नका. पुरुषही होते तिथे. मी लाजेने जमिनीकडे बघत होते.

घरी आल्यावर मी बोलले, "सगळ्यांसमोर कशाला सांगायचं?"

"मग कोणासमोर सांगू?"

"हळूच एकेकीला सांगता आलं असतं."

"हळूच सांगतो म्हणून तर कोण कोणाला सांगत नाय."

मी तेव्हा मानलं नाही. पुढेही अधूनमधून आपण त्यावर खटके उडवत राहिलो. पण त्या आठवड्यात चार बायका घरी आल्या, एकेक करून, दार लोटून घेऊन. त्यातल्या एकीची साखर निघाली, दोघींना व्यायामाने आणि वेळ पाळून बरं वाटलं. चौथी नुसतीच रडून गेली, तिला कोणीतरी ऐकणारं हवं होतं. चहा मी केला होता. आत्या, तुमचं बरोबर होतं. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही, कारण मग तुम्ही महिनाभर ते घोकलं असतंत.

ती पाच वर्षं मला मिळाली म्हणूनच मला मोकळं वाटतं. त्या रविवारची बाई म्हणून मी तुमच्या डोक्यात राहिले नसेन, असा मी समज करून घेतलाय. तुम्ही मला माफ केलं होतं की विषयच संपवला होता, ते कळलं नाही. कदाचित तुमच्या लेखी ते एकच असेल.

गेल्या आठवड्यात दुपारी चहा पिऊन तुम्ही आडव्या झालात. गजर वाजला, तुम्ही उठला नाहीत. मी शाळेतून आले तेव्हा दीड तास होऊन गेला होता. शेजारच्या डॉक्टरांनी हृदय थांबल्याचं सांगितलं, त्रास झाला नसेल बोलले. तुमचा चेहराही तेच सांगत होता.

नितीन कंपनीतून आला. नातेवाईक यायला अजून अवकाश होता. मी तुमच्यावरची शाल काढली तर चादर ओली होती. माणूस गेलं की असं होतंच, तुम्हीच मला कधीतरी सांगितलं होतं. मी दार लावून घेतलं. कोमट पाणी घेतलं, तुमचं अंग पुसलं. कपाटातून धुतलेली चादर काढली, आणि तेव्हा ते वाक्य सहज तोंडात आलं. "काही नाही झालं आत्या, चल बदलू." तुम्हाला मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मग बोलले, "माझं चुकलं होतं." तेही अवघड गेलं नाही.

नितीन दाराशी उभा होता. "मी धरतो," बोलला. मी ओली चादर एका बाजूने गुंडाळत तुमच्या पाठीशी आणली, तिच्यामागे कोरडी लावली. आता तुम्हाला कुशीवर वळवायचं होतं. त्याने खांद्याखाली हात घातला.

"हळू," मी बोलले. "त्यांची मान सांभाळ."

त्याने दुसरा हात तुमच्या मानेखाली घेतला, आणि आम्ही दोघांनी तुम्हाला अगदी सावकाश वळवलं.